पाली बोलायला शिकवणाऱ्या बाई

सुनंदा गायकवाडबाई गेल्याचं मला हिंजवडीत, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, फोनवर कळलं. पुढे कॉलेजात शोकसभा झाली. रागाच्या भरात लिहू नये असं बाईच सांगायच्या, म्हणून काही आठवडे थांबलो... राग उतरला नाही. म्हणून लिहितो.

करमाळ्याहून पुण्यात आलो तेव्हा कॉलेजात जाणारा घरातला मी पहिलाच. पाली घेतली ती मार्क मिळतात म्हणून. पहिल्या तासाला बाईंनी दारातच अडवून विचारलं, ‘‘कुहिं गच्छसि?’’ म्हणजे कुठे चाललास? लहानपणापासून विहारात त्रिशरण म्हणताना रोज ‘गच्छामि’ म्हणत आलेलो, तेवढंच आठवलं. घाबरून हात जोडले आणि अख्खं त्रिशरणच म्हणून टाकलं. वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘पाठ छान आहे. आता सांग, तुला खरंच जायचंय का?’’

त्या वर्गात मराठी बंद असे. पाणी मागायचं, खिडकी उघडायला सांगायची, उशिराची सबब द्यायची, सगळं पालीत. इंग्रजीच्या तासाला तोंड मिटून बसणारा मी तिथे चुकत चुकत बोलू लागलो. आणि एके दिवशी विहारात वंदना म्हणताना वाटलं, हे आता मी बोलतोय...

मग कॉम्प्युटर आले, कॉल सेंटरसाठी उच्चारांचे वर्ग आले, आणि बाईंची खोली त्यांना हवीशी झाली. प्राचार्यांनी आमच्यासमोरच विचारलं, ‘‘अहो बाई, पालीत बोलणार कोणाशी? सम्राट अशोकाशी?’’

‘‘या मुलांशी, सर. आपण कधी बोललात?’’

वर्ग बंद झालाच. बाईंना परीक्षेपुरती भाषांतरं करून घ्यायला सांगितलं. उच्चारांच्या वर्गाला मीही गेलो, नोकरी लागली, त्याबद्दल तक्रार नाही. पण एवढ्या मोठ्या इमारतीत दोन्हींना जागा का नव्हती, हे मला आजही कोणी सांगावं.

शोकसभेत तेच प्राचार्य बाईंना ‘मृत भाषेच्या उपासक’ म्हणाले. भाषेला मृत ठरवून तिची खोली यांनीच काढून घेतली होती. वर सगळ्यांना उभं करून दोन मिनिटं मौन पाळायला सांगितलं. ज्या बाईंनी आयुष्यभर आमच्यासारख्यांची तोंडं उघडली, त्यांना मौन... मला राहवलं नाही. मी मोठ्याने पालीत बोलू लागलो. वंदना नाही, माझी स्वतःची वाक्यं: मी कोण, कुठून आलो, बाईंनी मला काय दिलं. घाईत एक शब्द चुकला.

मागच्या रांगेतून कोणीतरी तो दुरुस्त केला. पालीतच.