नाखवांचा हातातला गिअर

तुमच्या घरी कधी भाताच्या पातेल्याशेजारी मोटारसायकलचा सायलेन्सर थंड व्हायला ठेवलाय का? आमच्या घरी रोज! पनवेलला आमचं गॅरेज पुढे, बिऱ्हाड मागे, मध्ये फक्त एक पडदा. त्यामुळे गिऱ्हाइकांचे किस्से माझ्याकडे आपोआप साठत गेले, डब्यात सुटे नटबोल्ट साठावेत तसे.

आमचे हे चौथी शिकलेले, पण इंजिनाला कान लावला की दुखणं ओळखायचे. मी मॅट्रिक, म्हणून गाड्यांच्या नियमांचं इंग्रजी पुस्तक माझ्या ताब्यात. कुणी गाडीत बदल करून मागितला की हे कानस खाली ठेवून पडद्याकडे बघत, "अगं, वाच." मी वाचून मराठीत सांगेपर्यंत लोखंडाला हात लागत नसे. बदल मोठा असला तर आधी वाहनांच्या सरकारी कचेरीला अर्ज!

* * *

भातगिरणीवाल्यांचा मुलगा नवी गाडी घेऊन आला. म्हणाला, "मिस्त्री, सायलेन्सर काढून टाका. मी आलो हे सगळ्या गावाला कळलं पाहिजे!"

मी पडद्याआडून नियम वाचला. सायलेन्सर हवाच.

"पण कोण बघतंय?" तो म्हणाला.

"सगळ्या गावाला कळेल म्हणालास ना," हे शांतपणे म्हणाले, "हवालदारही गावातच राहतो."

* * *

बर्फवाल्या हसनमियाँनी आपल्या मोटारसायकलला ट्रकचा भोंगा लावला होता. तो वाजला की आमच्या फडताळातल्या कपबशा थरथरायच्या. तो नीट बसवून घ्यायला ते आले, तेव्हा मी वाचून दाखवलं की कर्कश भोंग्याला मनाई आहे.

मियाँ पुस्तकात डोकावले. "भाभी, हे खरंच छापलंय?"

"हो."

"मग काढा मिस्त्री. आमची बेगम दोन वर्षं हेच म्हणतेय, पण तिचं कुणी छापलं नाही!"

* * *

एकदा नियमाची पाळी आमच्यावरच आली. उरणला लग्नाला जाताना माझा पदर मागच्या चाकात गेला. मी वाचले, पदर गेला. यांनी चाकाला लोखंडी जाळी करायचं ठरवलं आणि रीतसर अर्ज केला. "आपल्याच गाडीला कसला अर्ज?" मी म्हटलं.

"लोकांना वाचून दाखवतेस ना? मग!"

कचेरीतून उलट विचारणा आली, 'सदर बदलाची आवश्यकता काय? पुरावा जोडावा.' यांनी चाकात चिंध्या झालेला पदर टाचणीनं अर्जाला लावून पाठवला!

मंजुरी आली, पदर आला नाही. माझ्या शालूचा तो तुकडा अजून सरकारी फायलीत असेल.

* * *

मोरा बंदराचे पांडू नाखवा मात्र वेगळ्याच कामासाठी आले. धक्का आणि होडी यांच्यात सापडून त्यांचा उजवा पाय कायमचा अधू झाला होता. समुद्र सुटला. होतं ते विकून त्यांनी लष्कराच्या लिलावातली जुनी मोटारसायकल घेतली. मासळी बर्फात घालून पनवेलच्या बाजारात आणायची, एवढाच आता पोटाचा आधार. पण त्या गाडीचा गिअर उजव्या पायात!

"मिस्तरी, पाय नाय, पन हात हाय ना! गिअर हातात द्या."

मी वाचलं. असा बदल आधी कळवायला हवा. शेजारचे म्हणाले, "मिस्त्री, उगाच कशाला कळवताय? गुपचूप करून द्या."

"पकडली तर गाडी नाखवांची जाईल," हे म्हणाले. "माझं काय जाणार?"

अर्ज गेला. मंजुरी येईपर्यंत गाडी दारात उभी. त्या तीन आठवड्यांत हे आमची स्वतःची गाडी घेऊन रोज सकाळी बाहेर जात आणि लंगडत परत येत. मी दोनदा पाय शेकून दिला. कारण विचारलं की कानस उचलून कामाला लागत.

पुढे जोडकाम करून बघायची परवानगी आली, पण पास करायचं की नाही ते इन्स्पेक्टरसाहेब स्वतः येऊन ठरवणार होते. ते आले. टाकीशेजारचा गिअरचा दांडा बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "एका पायाचा माणूस चढावर गाडी सावरणार कशी?"

"सावरते साहेब," हे म्हणाले. "आमच्या गाडीचा गिअर डाव्या पायात, तिच्यावर कोन गावापर्यंत रोज जाऊन बघितलंय. उजवा पाय पंच्यानं बांधून. चढावर कुठं अडतं ते बघितलं, मग दांडा तेवढा वाकवला."

मी कुठला पाय शेकत होते ते मला पडद्याआड तेव्हा कळलं.

नाखवांनी गाडी सुरू केली. "सायब, मागं बसा. होरीत बसल्यावानी बसा, हलू नका!"

दोघं कोनला जाऊन परत आले तेव्हा साहेबांची टोपी हातात होती. त्यांनी गाडीचं बुक मागून घेतलं, स्टुलावर बसून इंग्रजीत बरंच काही लिहिलं आणि ते पडद्याकडे पुढं केलं. "बाई, नियम तुम्हीच वाचता म्हणे. हेही वाचा."

मी वाचलं. दोनदा वाचलं. नाखवा माझ्या तोंडाकडे बघत होते. हे म्हणाले, "अगं, वाच की मोठ्यानं!"

मी बुक मिटून नाखवांपुढं धरलं. म्हटलं, "नाखवा, हसनमियाँना उद्याचा बर्फ सांगून ठेवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोऱ्याची कोळंबी आठच्या आत पनवेलच्या बाजारात उतरली.