आवसेला वाढलेली पानं

सुभद्राआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी भूमच्या बाजारात मेथीची जुडी हातात घेऊन भाव करत होते. फोन अण्णांचाच, म्हणजे आत्याच्या यजमानांचा. "आत्या गेली तुजी. सकाळी चहा घेतला, म्हनली जरा पडते... ये तू." मेथी तिथंच टाकून मी अण्णांच्या गावची, ईटची एसटी धरली. गाडीत रडू आलं आणि, खोटं कशाला सांगू, एक आगाऊ प्रश्नही मनात आला. आता त्या घरातल्या भुताला गाव माझ्या आत्याचं नाव देणार का?

कारण अण्णांचं घर झपाटलेलं आहे, हे ईटमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. भर दुपारी, स्वयंपाकघरात कुणी नसताना भांडी वाजतात. याच पायी तरुणपणी आत्याचं आणि अण्णांचं जमत आलेलं लग्न मोडलं. मुलगा पसंत होता, मुलगी पसंत होती. पोह्यांची बशी देताना आपण त्यांच्याकडं दोनदा बघितलं, हे आत्यानंच मला सांगितलेलं. पण भुताच्या घरात पोर द्यायची नाही, म्हणून आजोबा अडून बसले आणि आत्याला आमच्याच भागातल्या वाशी गावात दिलं. तिथले तिचे मालक देवमाणूस. संसार चांगला झाला, मूलबाळ मात्र नाही. ते गेल्यावर आत्या माझ्याकडं भूमला राहायला आली. इकडं अण्णांची बायको रुक्मीण आजारपणात गेली होती, आणि भांडी वाजवायचं खातं गावानं तिच्या नावावर करून टाकलं होतं. आत्याला याचं फार नवल वाटायचं. "आन् ती यायच्या आधी कोन वाजवायचं मग?"

दोघांची पुन्हा गाठ पडली भूमच्या स्टँडवर. मी शेजारीच होते. इतक्या वर्षांनी भेटलेली माणसं तब्येत विचारतात. आत्यानं विचारलं, "घर वाजतंय का अजून?" अण्णा हसले. "वाजतंय की. येता का ऐकायला?" मला तेव्हाच शंका आली होती... पुढं देवळात चार माणसांत त्यांचा पाट लागला, म्हणजे दोघांचंही दुसरं लग्न, तेव्हा दोघांचेही केस पांढरे झाले होते.

आमच्याकडं दुसरेपणावर आलेल्या बाईनं मेलेल्या सवतीचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा आणि दर आवसेला आधी तिचं पान वाढायचं, अशी रीत आहे. नाहीतर सवत कोपते म्हणे. अण्णांच्या वहिनी टाक घेऊन दारातच उभ्या होत्या. आत्यानं तो उलटसुलट न्याहाळला, मुकाट्यानं गळ्यात घातला आणि उंबऱ्याबाहेरच थांबली.

"रुक्मीणीचं पान मी वाढीन. पर वाशीच्यांचं काय? निम्मा जलम त्यांच्यासंगं काढला म्या. त्यांना भाईर ठिवून एकटी आत न्हाय यायची मी."

वहिनींनी कपाळावर हात मारला. "अवो, बाप्याचं पान कुणी वाढतंय व्हय? घरात एक भूत हाय तेच लई झालं, त्यात आनि दुसरं आनता?"

आत्या हलेना. ती हट्टाला पेटली की तिथूनच परत फिरणारी बाई. सगळे अण्णांकडं बघायला लागले. अण्णांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. "दोन पानं वाढू. घर मोठं हाय," म्हणाले, आणि आत्याची पिशवी उचलून स्वतःच आत गेले.

गावानं टिंगल केली, वहिनींनी त्या घरचं पाणी सोडलं. आत्या मात्र दुपारची डाळ निवडायला मुद्दाम स्वयंपाकघरात बसायची. तिनं मांजर हाकललं, फळ्या बदलल्या, उंदरांची बिळं बुजवली. "वाजतंय खरं. कोन ते कळंना, पर रागावलेलं न्हाय," हा तिचा निष्कर्ष. वाशीच्या मालकांच्या तिथीला अण्णा स्वतः तिला गाडीवर बसवून वाशीला न्यायचे आणि त्यांच्या शेताच्या बांधावर तिच्या डोक्यावर छत्री धरून उभे राहायचे. इतकं मोठं मन कुठून आणलं या माणसानं, हे मला अजून उमगलेलं नाही.

ती गेल्यानंतरची पहिली आवस परवा झाली. मी स्वयंपाकाला गेले होते. आता पानं तीन. आत्याचं पान कुणाशेजारी मांडायचं, म्हणून मी पत्रावळ हातात घेऊन घुटमळले. अण्णांनी ती घेतली आणि वाशीच्यांच्या पानाशेजारी ठेवली.

"अण्णा, तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"वाटतंय की. पर त्यांची ती आधीची." मग पाट ओढून ते तिच्या पानासमोर बसले.

मी त्यांना वाढलं. पोळी गार झाली, आमटीवर साय धरली, तरी ते हात लावेनात. मी दोनदा म्हटलं, अण्णा, जेवा आता.

"थांब जरा," ते म्हणाले. "रोज मला जेवू घालून मागनं जेवायची ती. आज तिचं हू दे आधी."