अडसर कोणी काढला

मुळशीच्या रिहे खोऱ्यात आमच्या गावाच्या डोक्यावर एक गड आहे. गड म्हणजे काय, चार बुरूज, त्यातले दोन ढासळलेले, एक पाण्याचं टाकं आणि मागच्या अंगाला माणूस वाकून जाईल एवढी एक दिंडी. फार जुन्या काळी एका रात्री शत्रू त्या दिंडीतून आत शिरला आणि किल्लेदारासकट गडावरची माणसं कापली गेली. दाराला आतून लाकडी अडसर होता. बाहेरून तो निघणं शक्य नव्हतं, म्हणजे आतल्याच कुणीतरी काढला. कुणी काढला, हे कुणी पाहिलेलं नाही, कुठं लिहिलेलं नाही. पण आमच्या गावाला उत्तर पाठ आहे, आणि ते उत्तर म्हणजे आमचं घर. आमचा मूळपुरुष त्या रात्री दिंडीवर पहाऱ्याला होता आणि सकाळी जिवंत होता. बस्स, एवढाच पुरावा. तो मेला असता तर वंश बुडाला असता, पण अब्रू राहिली असती.

हे नुसतं बोलण्यापुरतं असतं तर मी हसून सोडलं असतं. गावात कुणाला बोलत नाहीत? पण आमच्याकडे चैत्रात भैरोबाची यात्रा असते आणि पालखी घरोघर फिरते. प्रत्येक दारात थांबते. बाया पालखीच्या भोयांच्या पायावर पाणी घालतात, देवाला ओवाळतात, नारळ देतात, आणि तोवर ढोल नुसता घुमत असतो. आमच्या घराची भिंत लागली की ढोल बंद. लेझमा खाली, झांजा बंद. पालखी न थांबता, मुकाट्यानं, मयताला निघाल्यासारखी आमच्या दारावरून जाते आणि आमची भिंत संपली की पुन्हा ढोल सुरू होतो. फितुराच्या दारात देव वाजत जात नाही, असं म्हणतात. शहाण्णव कुळी का काय ते, असल्या गप्पा मारणाऱ्या माणसांना ही रीत मोठ्या भक्तिभावानं पाळताना मी लहानपणापासून पाहत आलो आहे.

आता यातली खरी मेख सांगतो. गावच्या ढोल-लेझमाचा म्होरक्या कोण? तर आमचे वडील. आप्पांसारखा ढोल पंचक्रोशीत कुणाचा नाही, हे त्यांना फितुराची औलाद म्हणणारेही मान्य करतात. मुळशीत ढोल वाजवणाऱ्या माणसाला काय मान असतो हे बाहेरच्याला कळायचं नाही. ढोलावर पडणारं टिपरू कधी उचलायचं आणि कधी टेकवायचं हे आप्पांनी ठरवायचं, बाकीच्यांनी त्यांच्या हाताकडे बघायचं. म्हणजे आमच्या दारात ढोल थांबवायचे ते आप्पांनीच. तरुणपणापासून हा माणूस दर वर्षी स्वतःच्या घराशी आला की स्वतःचा हात स्वतः थांबवत आला. आई दार आतून लावून चुलीपाशी बसायची. मी एकदा चिडून विचारलं होतं की तुम्ही वाजवताच कशाला, द्या सोडून. आप्पा म्हणाले, सोडला तर लोक म्हणतील बघा, मनाला लागलंय, म्हंजे खरं आसंल.

त्या दिवशी आमच्याकडे फक्त शेजारची काकी यायची. मागच्या दारानं. ताटात नैवेद्याची पुरणपोळी घेऊन यायची आणि आईला म्हणायची, द्येवाला काय कळतंय कुणाचं दार ते, मानसांचीच खोड हाय. तिचा नवरा लवकर गेला, लेकी नांदे गावात दिल्या. आई गेल्यावरही काकीचं मागच्या दारानं येणं चुकलं नाही. आप्पांना ती भावजी म्हणते. त्यांचं दुखलंखुपलं मला फोन करून कळवते ती तीच, कारण आप्पा स्वतः कधी सांगायचे नाहीत.

मी पुण्याजवळ सूसला राहतो, फ्लॅटमध्ये. नोकरी हिंजवडीला. गावाशी संबंध म्हणजे आप्पा, आणि गावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप. या ग्रुपबद्दल काय सांगू! सकाळी देवाचा फोटो, आणि चहा व्हायच्या आत इतिहास. कोणता सरदार निमकहराम, कोणत्या लढाईत कुणी पाय काढला, कुणाला कुणी विष घातलं, यावर माणसं एकमेकांच्या आया-बहिणी काढतात. स्वतःच्या सातबाऱ्यावर किती नावं चढलीत ते ज्यांना माहीत नाही, त्यांना मेलेल्या राजांच्या मनात काय होतं ते माहीत असतं. कुणी म्हणालं की बाबा, याबद्दल नक्की काही सांगता येत नाही, तर त्याला लगेच विचारतात, तू कुणाच्या बाजूचा? माहीत नाही या दोन शब्दांची आपल्या लोकांना एवढी भीती का वाटते, ते मला अजून कळलेलं नाही.

अलीकडे यात्रा कमिटीच्या अध्यक्षाच्या मनात आलं की गडाच्या पायथ्याला माहितीचा फलक लावावा. अध्यक्ष प्लॉटिंगच्या धंद्यात आहे. शनिवार-रविवारी पुण्याची माणसं गड बघायला येतात, खाली उतरताना जमिनीचे भाव विचारतात, तेव्हा इतिहासाला असे बरे दिवस आले आहेत. मजकुराचा मसुदा ग्रुपवर आला. त्यात किल्लेदाराचा पराक्रम होता, आणि पुढं होतं की फितुरीमुळे गड पडला, फितुराचं आडनाव अमुक. आमचं आडनाव. स्टीलच्या पत्र्यावर, वर गावाचं सौजन्य.

मी त्याच संध्याकाळी गाडी काढून गावी गेलो. वाटलं होतं, आप्पा नेहमीसारखं सोडून देतील. पण ते ओसरीवर बसून होते आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ढोल थांबतोय त्ये गावातल्या गावात हाय. फलक लागला की कुणीबी येऊन वाचंल. तुझी लेक उद्या मैत्रिणी घेऊन गड बघायला आली तर तिनं काय वाचायचं?" एवढ्या वर्षांत या विषयावर आप्पा पहिल्यांदा काही मागत होते. फलकावर नाव नको, आणि जमलं तर मरायच्या आधी एकदा आपल्या दारात ढोल वाजावा. हे दुसरं त्यांनी इतक्या हळू सांगितलं की मला पुन्हा विचारावं लागलं.

फलकाचा मजकूर ठरवायला देवळाच्या मंडपात बैठक बसली. गावाजवळ फार्महाऊस बांधून राहिलेले एक निवृत्त प्राध्यापक आहेत, इतिहासाचे. त्यांना मी मुद्दाम बोलावून आणलं होतं. मी बोललो, तावातावानं बोललो. पहाऱ्यावर असलेला माणूस वाचला म्हणून तो फितूर, मग उद्या अपघातात वाचलेल्या माणसालाच अपघात करणारा म्हणायचं का, असं विचारलं. काही जणांनी माना हलवल्या. मग सरांनी शांतपणे सांगितलं की त्या रात्रीचा एकही समकालीन पुरावा उपलब्ध नाही, म्हणून 'अडसर कोणी काढला ते अज्ञात आहे' असं लिहावं, हेच प्रामाणिक.

झालं. अज्ञात म्हटल्याबरोबर मंडप उसळला. अज्ञात म्हंजे काय? अडसर आपोआप पडला व्हय? आपल्या बापजाद्यांनी खोटं सांगितलं का? एक म्हातारा तर म्हणाला की अज्ञात लिहिलं तर सगळ्या गावावरच संशय राहतो, त्यापेक्षा एकावर राहिलेला काय वाईट. मला वाटलं, हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलला असेल. अध्यक्षानं सगळ्यांना गप्प केलं आणि तो आप्पांकडे वळला. त्याचा आवाज गोड होता, गिऱ्हाइकाशी बोलतो तसा.

"आप्पा, तुमच्या घरातला न्हाई, मान्य. मग कोन, ते तुमी सांगा."

मला वाटलं आप्पा म्हणतील, मला काय म्हाईत. तेच उत्तर होतं. सरांनी तेच सांगितलं होतं, मी घसा फोडून तेच सांगत होतो. पण आप्पा म्हणाले, "दिंडीतनं रोज लाकडाची मोळी घेऊन वर कोन जात हुतं? ते बी इचारा की."

ते कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गडावर सरपण पोचवायचं काम काकीच्या सासरच्या घराकडे होतं. आजही आमच्या होळीत पहिलं लाकूड त्यांच्या घरचं पडतं, तो त्यांचा मान, त्यामुळे ही गोष्ट गावात शेंबड्या पोरालाही माहीत असते. मी उठलो, म्हणालो, आप्पा, हे काय बोलताय. त्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं. पकड अशी की हाताला कळ लागली.

आणि काय सांगू, चहा येईपर्यंत फितूर बदलला, फलकाच्या मसुद्यातलं आमचं आडनाव खोडलं गेलं. लाकूडवाला रोज जायचा, त्याला आतली माणसं ओळखत होती, त्यानं आवाज दिला की अडसर काढणारच ना कुणीतरी! एकानं तर सांगितलं की आपल्या आज्यानं मरताना हेच नाव घेतलं होतं. आजा मेला तेव्हा हा पाळण्यात होता. सर म्हणाले, "अहो, पण याला तरी पुरावा कुठे आहे?" अध्यक्ष हसला. म्हणाला, सर, आधीच्यालाबी नव्हता, चाललंच की. काकीच्या घरचं त्या मंडपात कुणी नव्हतं. दीर नाही, मुलगा नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं चोर कोण तेच माहीत नव्हतं, पण फाशी कुणालातरी द्यायची हे नक्की होतं आणि जिच्या बाजूनं बोलायला कुणी नाही अशी मान सापडली होती.

घरी येऊन मी आप्पांशी भांडलो. नको ते बोललो. ते एकच म्हणत राहिले, मी न्हाई नाव घेतलं, मी निसतं इचारलं. मी म्हणालो, काकीला तरी सांगा जाऊन. त्यावर त्यांनी कूस बदलली. मी स्वतः जाऊन सांगितलं असतं, पण काय सांगणार होतो? की तुझ्या भावजींनी तुला विकलं? यात्रा आठवड्यावर होती आणि मला वाटत होतं की रागाच्या भरात बोललेलं लोक विसरतील, अध्यक्षाला प्लॉट विकायचे आहेत, त्याला कुठं वेळ.

यात्रेला मी बायको-मुलीला घेऊन गेलो. आमच्या दारात ढोल वाजला. अगदी खरं सांगायचं तर मला रडू आलं. माझ्या बायकोनं भोयांच्या पायावर पाणी घातलं, मुलीनं देवाला ओवाळलं, आणि समोर आप्पा असे वाजवत होते की खांद्याचा पट्टा तुटेल. गाव बघत होतं. म्हातारी माणसं कौतुकानं मान डोलवत होती, जणू यांनीच इतकी वर्षं देवाकडे आमच्यासाठी साकडं घातलं होतं. त्या क्षणी मीही विसरलो होतो, पुढचं घर कुणाचं आहे ते.

पालखी पुढं निघाली. काकी दारात उभी होती. दारात सडा, रांगोळी, हातात तांब्या, आरतीचं ताट शेजारी स्टुलावर. तिला कुणीच काही सांगितलेलं नव्हतं. तिची भिंत लागली आणि मी आप्पांच्या हाताकडे बघत राहिलो. आजन्म ज्या माणसाला ते थांबणं ठाऊक होतं, तो माणूस तिथं थांबणार नाही, असं मला अगदी आतून वाटत होतं. आप्पांनी टिपरू टेकवलं. लेझमा खाली गेल्या. पालखी तिच्या समोरून तशीच निघून गेली आणि ती तांब्या घेऊन पालखीमागं दोन पावलं धावली. तिला वाटलं, आप्पांच्या ढोलाला काही झालं.

"भावजी, ढोल फाटला का वो?" तिनं विचारलं.

आप्पांनी वळून पाहिलं नाही. तिची भिंत संपली, टिपरू पुन्हा पडलं. तिला काय ते एका बाईनं नंतर कानात सांगितलं असावं, कारण मी मागं वळून पाहिलं तेव्हा तांब्यातलं पाणी रांगोळीवर सांडलेलं होतं आणि दारात कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघायच्या तयारीत होतो. आप्पा ओसरीवर ढोलाची दोरी आवळत बसले होते. काकी आली, पुढच्या दारानं. मी खुर्ची पुढं केली, ती बसली नाही. रडलेली वाटत नव्हती. तिनं आप्पांना विचारलं, "भावजी, तुमी पाह्यलंवतं का, आमच्या माणसानं अडसर काढताना?"

आप्पांनी दोरीला आणखी एक पीळ दिला. मग म्हणाले, "आमच्यालाबी कुणी पाह्यलं नव्हतं, वयनी. तरी आमी सोसलंच का न्हाई?"

"व्हय, सोसलंत," ती म्हणाली. "पर मी कवा म्हनलं का, तुमी काढला म्हणून?"

आप्पांचा हात दोरीवर तसाच राहिला. ती आली तशी पुढच्या दारानंच गेली. माझी मुलगी मला विचारत होती की काकी आजी का रागावली. मी तिला म्हणालो, चप्पल घाल, निघायचंय.