वरच्या मजल्याचा पासवर्ड

नागपूरच्या आमच्या ऑफिसात तेव्हा दोनच कॉम्प्युटर होते, एक तळमजल्यावर, एक वर, आणि मधे केबल. दिवसभराच्या नोंदी खाली टाइप व्हायच्या आणि संध्याकाळी वरच्या मशीनकडे पाठवाव्या लागायच्या. पाठवताना वरचं मशीन पासवर्ड विचारी, आणि तो फक्त साहेबांना ठाऊक. साहेब मीटिंगा आटोपून सातला उगवत, पासवर्ड ठोकत आणि चहा मागवत. तोवर आमची ऑपरेटर ताटकळत बसे. ती खापरखेड्याहून यायची. सकाळी निघताना तिची चार वर्षांची पोर झोपलेली, रात्री पोचेपर्यंत पुन्हा झोपलेली. मला साहेबांचा भयंकर राग यायचा.

मॅन्युअल चाळता चाळता मला वाट सापडली. वरच्या मशीनवरच्या एका फाइलमध्ये खालच्या मशीनचं आणि ऑपरेटरचं नाव लिहून ठेवलं, की ते पासवर्ड न विचारता आत घेतं. रोजच्या येणाऱ्याला आपण तरी कुठे नाव-गाव विचारतो? साहेबांना हे पटवता पटवता माझ्या नाकी नऊ आले. शेवटी त्यांनी पासवर्ड टाकून मला खुर्ची दिली. मी फाइल केली, धावत खाली आले, तर मशीन आपलं पुन्हा पासवर्डच विचारतंय!

"काहून डोकं खराब करून राहिली वं ताई?" ऑपरेटर म्हणाली. "जाऊ दे, माहं नशीबच तसं हाये."

नशीब कसलं! खोड आमचीच होती. आमच्याकडे जेवणाचे डबे जसे सगळ्यांचे, तशा फायलीही. कोणीही उघडावी, कोणीही त्यात लिहावं. आणि जिच्यात कोणीही उठून आपलं नाव घालू शकतं, अशा फाइलवर मशीन भरवसाच ठेवत नव्हतं. आमच्यापेक्षा शहाणं होतं ते. मी ती फाइल साहेबांखेरीज कोणाला बदलता येणार नाही अशी करून टाकली. साहेबही खूश झाले.

त्या दिवसापासून नोंदी संध्याकाळी आपल्या आपण वर जाऊ लागल्या. पहिल्याच दिवशी ऑपरेटरनं पर्स उचलली आणि साडेपाचच्या बससाठी पळत सुटली.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या उत्साहानं विचारलं, "काय म्हणाली पोरगी?"

ती कीबोर्डवरचं कव्हर काढता काढता थांबली.

"अंगणात खेळून राहिली होती. मले पाहून म्हणते, 'आई, आज रविवार हाये का वं?'"