कोहळ्याचं फूल
गच्चीवर कोहळ्याचं पिवळं फूल उमललं की मला गोवऱ्यांचा धूर आठवतो. दिग्रसजवळ डोंगराच्या उतारावर आमचं शेत होतं. एकदा बाबांनी नवसाचे रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, नेमके मोहाच्या झाडाखाली गोवऱ्या पेटवून भाजले. धूर वर गेला आणि फांदीवरचं मोहोळ उठलं. जेवायला आलेले पाहुणे पळाले, मधमाश्या गेल्या त्या परतल्याच नाहीत. मग कोहळ्याच्या वेलीला फुलं यायची, पण फळ धरेना. आई सकाळीच नरफूल तोडून मादीफुलांवर फिरवू लागली. बाबांनी विचारलं, "हे काय करून राह्यली?" ती म्हणाली, "आपण ज्यायले हाकललं, त्यायचं काम." पुढचे रोडगे बाबांनी झाडांपासून दूर, नाल्याकाठी भाजले. आज मीही नरफूल तोडायला हात पुढे केला. आत एक मधमाशी परागात लोळत होती. मी हात मागे घेतला.