गजाचा आवाज
खंडेनवमीला झेंडूचा वास घरात दरवळला की मला बंदुकीतला तो गज ऐकू येतो. मसुऱ्याच्या आमच्या घरी तेव्हा माडांवरची माकडं हुसकायला ठासणीची बंदूक होती आणि त्या दिवशी कोयत्यांबरोबर तिचीही पूजा व्हायची. एका वर्षी बाबांनी ती तेलाने पुसून पाटावर आडवी ठेवली. आई निरांजन घेऊन नळीच्या तोंडाला कुंकू लावायला समोर वाकली, तेवढ्यात आजोबा म्हणाले, "थांब गो, आधी गज घालून बघूया." "रिकामीच आसा ती," बाबा चिडून म्हणाले. आजोबांनी बंदूक उभी केली आणि बार ठासायचा लोखंडी गज नळीत सोडला. दरवर्षी तो तळाला आपटून ठण्ण वाजायचा आणि पुरता आत जायचा. त्या वर्षी थप्प असा दबका आवाज आला आणि गज चार बोटं वरच राहिला. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. आदल्या संध्याकाळी त्यांनी माकडांसाठी बार भरला होता, माकडं आपणच पळाली आणि भरलेली बंदूक तशीच राहिली. "दिवो मागे घे गो, सावकाश," आजोबा हळूच म्हणाले. आईने निरांजन मागे घेतलं. आजोबांनी परसातल्या बांधात बार उडवला तेव्हा कौलं हादरली, आणि जळक्या दारूचा वास झेंडूत मिसळला. आता बंदूक नाही, पाटावर नुसता गज असतो. आई त्यालाही कुंकू लावते, पण अजून बाजूला बसूनच.