चिरलेला सांबार

येरवड्यातल्या त्या शाळेचे कारकून ओठांतल्या ओठांत वाचत लिहायचे. कॉम्प्युटर कंपनीतली झाडलोट उरकून मी लेकीला न्यायला जायची, तेव्हा त्यांच्या खिडकीपाशी बसायची. रजिस्टरवर फूटपट्टी सरकवत ते पुटपुटायचे: नाव, मातृभाषा, जिल्हा, गुण. नांदेड, गुलबर्गा, लातूर. ऐकता ऐकता उन्हात गुंगी यायची. ‘अमरावती’ आलं की आमचं अंगण दोन पावलांवर असल्यासारखं वाटायचं.

लेकीच्या सहावीच्या निकालाला पट्टी तिच्या ओळीवर थांबली.

“अहो, मातृभाषा मराठी आणि मराठीतच नापास? तेही एका गुणाने?”

मीही सहावीतच नापास होऊन घरी बसले होते, ती कायमची.

त्यांनी पेपर काढला. लेकीने लिहिलं होतं, ‘आई भाजीवर सांबार चिरून टाकते.’ मराठीच्या बाईंनी वाक्यावर लाल काट मारली होती.

“सांबार चिरतात?”

“कोथिंबीर जी. आमच्याकडे तिलेच सांबार म्हणतात.”

इतक्या दिवसांत त्यांना खुर्चीतून उठलेलं मी पाहिलं नव्हतं. ते पेपर घेऊन बाईंच्या वर्गात गेले. बऱ्याच वेळाने परतले आणि पुटपुटत लिहिलं, “मराठी, पास.”

त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण तेवढ्यात चष्म्यावरून पाहत त्यांनी विचारलं, “मग इडलीबरोबर खाता, त्याला काय म्हणता आपण?”

“सांबारच जी.”

“कठीण आहे,” ते म्हणाले.